गरोदरपणात सर्दी, कानदुखी, घसादुखी: मेडिकलमधून गोळी घेण्याआधी कोणती गोष्ट सांगायलाच हवी?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदर महिलांना 'टायलेनॉल' घेणं टाळायला सांगितलं. या गोळीचा मुलांमधल्या ऑटिझमशी संबंध असल्याचा त्यांचा दावा होता. टायलेनॉल हे अमेरिकेतलं नाव. त्यातलं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, जे आपल्याकडे क्रोसिन, डोलो, कॅलपोल अशा नावांनी घराघरात असतं.

दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नसल्याचं स्पष्ट केलं. पण तोवर व्हिडिओ, रील आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड सगळीकडे पोहोचले होते.

अशा बातम्यांनंतर साधारण दोन टोकं दिसतात. एक म्हणजे 'गरोदरपणात कोणतीच गोळी नको', मग ताप अंगावर काढला तरी चालेल. दुसरं म्हणजे 'सर्दीच तर आहे, मेडिकलमधून गोळी आणा'. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांमध्ये ही दोन्ही टोकं एकाच घरात सापडू शकतात. आणि दोन्हींमध्ये धोका आहे.

मग नाक चोंदलं, कान ठणकला, घसा धरला, तर गरोदर महिलेने नेमकं काय करायचं?

गरोदरपणात नाक का चोंदतं?

सगळ्यात आधी एक दिलासा. गरोदरपणात नाक बंद होणं म्हणजे प्रत्येक वेळी सर्दी किंवा संसर्ग नसतो. या काळात संप्रेरकं बदलतात, शरीरातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढतं आणि नाकाच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं. साधारण पाचपैकी एका गरोदर महिलेला हा त्रास होतो. ताप नसतो, अंग दुखत नाही, पण नाक आठवडेच्या आठवडे बंद राहतं. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप मोकळं होतं.

याच कारणामुळे घोळणाही लवकर फुटतो. त्यात जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेने नाकाचं अस्तर तडकतं आणि रक्त येतं. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी आणि जिनिंग सुरू झालं की धूळ आणि तंतूंमुळे शिंका, नाक गळणं आणि घशाची खवखव वाढू शकते. त्यानंतर येते खानदेशातली कडाक्याची थंडी. म्हणजे नऊ महिन्यांत नाक-घशाचा एखादा तरी त्रास होणं अगदी स्वाभाविक आहे.

कानाचंही तसंच. नाकाच्या मागच्या बाजूने कानाकडे जाणारी नळी सुजली की कान भरल्यासारखा वाटतो, स्वतःचाच आवाज घुमतो. यात बहुतेक वेळा औषधाची गरज नसते.

आणि घसा? पोट वाढलं की जठरातलं आम्ल वर येतं आणि घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो. अशा खोकल्यावर कफ सिरप पिऊन काहीच उपयोग होत नाही. रात्री लवकर आणि कमी जेवणं, उशी उंच घेणं हाच पहिला उपाय ठरतो.

खरी अडचण: पहिल्या तीन महिन्यांत कुणालाच सांगायचं नाही

बाळाचं हृदय, मेंदू, हात-पाय, कान यांची मूळ घडण पहिल्या तीन महिन्यांत होते. औषधाचा चुकीचा परिणाम होण्याची भीती याच काळात सर्वाधिक असते.

आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं जात नाही. 'तीन महिने पूर्ण होऊ द्या, मग सांगू' ही रीत अनेक घरांत पाळली जाते. त्यामागे माया आहे, नजर लागण्याची भीती आहे, गर्भ टिकेल की नाही ही धास्ती आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की नवरा किंवा दीर मेडिकलच्या काउंटरवर जातो आणि फक्त एवढंच म्हणतो, 'सर्दीची गोळी द्या.' गोळी कुणासाठी आहे हे तो सांगत नाही. दुकानदारही अनेकदा विचारत नाही.

औषध चालेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं: त्यात नेमकं काय आहे, कितवा महिना सुरू आहे आणि किती दिवस घ्यायचं आहे. यातली पहिली गोष्ट पाकिटावर छापलेली असते, तिसरी डॉक्टर सांगतात. दुसरी फक्त त्या बाईला आणि घरच्यांना माहीत असते. ती सांगितलीच नाही, तर उरलेल्या दोन्हींना फारसा अर्थ उरत नाही.

शेजारपाजाऱ्यांना सांगू नका, नातेवाइकांना उशिरा सांगा. पण डॉक्टर, आशाताई, नर्स आणि मेडिकलवाला या चौघांना पाळी चुकल्याच्या दिवसापासून सांगा. खात्री झालेली नसली, तरी 'पाळी चुकली आहे' एवढं सांगणं पुरेसं आहे.

एका गोळीत किती औषधं?

'सर्दीची गोळी' हे एका औषधाचं नाव नाही. बाजारातल्या अनेक सर्दीच्या गोळ्यांमध्ये तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन आणि नाक मोकळं करण्यासाठी फिनाइलएफ्रिन अशी दोन-तीन औषधं एकत्र असतात. काहींमध्ये कॅफिनही असतं.

यात दोन अडचणी आहेत.

पहिली, फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांच्यासाठी हे चांगलं नाही. शिवाय तोंडाने घेतल्यावर ते नाक मोकळं करतं का, यावरच प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये ते गोळीच्या रूपात उपयोगी नसल्याचा एकमताने निष्कर्ष काढला होता. म्हणजे धोका पत्करायचा आणि फायदाही नाही.

दुसरी, या गोळीसोबत तापाची वेगळी गोळी घेतली तर पॅरासिटामॉलचा डोस नकळत दुप्पट होतो.

भारत सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये अशा १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात सर्दी-तापावरची काही मिश्रणंही होती.

आणखी एक गोष्ट बारीक वाटते, पण महत्त्वाची आहे. मेडिकलमध्ये स्ट्रिप कात्रीने कापून चार सुट्या गोळ्या दिल्या जातात. त्या तुकड्यावर कधी नाव अर्धवट असतं, कधी घटक दिसत नाहीत, कधी मुदत संपल्याची तारीख कापली जाते. गरोदर महिलेसाठी औषध घेताना ज्यावर घटक आणि तारीख दोन्ही आहेत असाच तुकडा मागा, किंवा पूर्ण स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे डॉक्टरांनी 'कोणती गोळी घेतली?' असं विचारलं तर 'पांढरी, गोल' एवढंच उत्तर द्यावं लागणार नाही.

मग पॅरासिटामॉल चालतं का?

हो. गरोदरपणात ताप आणि दुखण्यासाठी डॉक्टर आजही पहिली पसंती पॅरासिटामॉललाच देतात. गरजेपुरता डोस, कमीत कमी दिवस, हा नियम मात्र पाळायचा.

ऑटिझमच्या दाव्याबद्दल सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनमधला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २५ लाख मुलांची माहिती तपासली गेली. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, म्हणजे एका वेळी पॅरासिटामॉल घेतलेलं आणि दुसऱ्या वेळी न घेतलेलं, तेव्हा ऑटिझमशी संबंध आढळला नाही.

उलट पहिल्या तिमाहीत जास्त ताप अंगावर काढणं बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या घडणीसाठी चांगलं नाही. त्यामुळे एका व्हिडिओला घाबरून १०२ डिग्री ताप सहन करत बसणं हा सुरक्षित पर्याय ठरत नाही.

अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्यांचं काय?

कान किंवा दाढ ठणकू लागली की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड असलेली गोळी पटकन दिली जाते. ही औषधं गरोदरपणात स्वतःहून घेऊ नयेत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये या गटातल्या औषधांबद्दल स्पष्ट इशारा दिला. २० आठवड्यांनंतर, म्हणजे पाचव्या महिन्यापासून पुढे, ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात आणि गर्भजल कमी होऊ शकतं. ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे. तरीही मोठ्यांसाठी ते पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं मिळतं. म्हणून 'पॅरासिटामॉलच आहे' असं सांगितलं, तरी नावापुढे आणखी काही जोडलं आहे का ते वाचा.

डॉक्टरांनी रक्तदाबासाठी कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली असेल, तर तो वेगळा विषय आहे. वरचं वाचून ती गोळी मनाने बंद करू नका.

नाकातले थेंब आणि स्प्रे

सर्वांत सुरक्षित म्हणजे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. ते दिवसातून कितीही वेळा घालता येतात. डोक्याखाली उंच उशी आणि कोमट वाफही उपयोगी पडते. वाफ घेताना उकळतं पातेलं मांडीजवळ ठेवू नका, भाजण्याचे अपघात तिथेच होतात.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब नाक काही मिनिटांत मोकळं करतात, त्यामुळे ते सहज घेतले जातात. पण तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. मग थेंब वाढत जातात आणि त्रासही. गरोदरपणातलं नाक चोंदणं आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून या सवयीत अडकण्याची शक्यता इथे जास्त. पहिल्या तिमाहीत आणि रक्तदाब असताना हे थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

ॲलर्जीसाठी डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देऊ शकतात. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. यातल्या ब्युडेसोनाइडचा गरोदरपणातला अनुभव बराच मोठा आहे आणि नाकातून रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं. शिंका-नाक गळण्यासाठी सेटिरिझिन, लोराटाडिन, क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधंही डॉक्टर वापरतात.

कानात काय घालावं, काय घालू नये?

कान दुखला की कोमट तेलात लसूण टाकून ते कानात सोडायची जुनी पद्धत आहे. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर हे तेल थेट आत जातं आणि संसर्ग वाढतो. पडदा शाबूत आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी कानात पाहावंच लागतं.

हेच घरात उरलेल्या जुन्या कानाच्या थेंबांनाही लागू आहे. काही थेंबांमध्ये जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. ही औषधं ज्या गटातली आहेत, त्या गटाचा आतल्या कानावर परिणाम होऊ शकतो. याच गटातलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं जुनं इंजेक्शन गरोदरपणात टाळतात, कारण त्यामुळे बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो.

अँटिबायोटिक: कोणतं चालतं, कोणतं नाही?

साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही, कारण ती विषाणूंमुळे होते. पण टॉन्सिलला पू झाला, कान वाहू लागला, सायनसचा संसर्ग वाढला, तर ते लागू शकतं आणि गरोदरपणातही देता येतं.

ॲमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं दीर्घकाळ वापरात आहेत आणि गरोदरपणात सुरक्षित मानली जातात. गरजेनुसार अझिथ्रोमायसिनही दिलं जातं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

डॉक्सिसायक्लिन मात्र टाळलं जातं. त्याच्या गटातल्या औषधांमुळे बाळाचे दात कायमचे पिवळसर-तपकिरी होऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्याही दुसरा पर्याय असताना देत नाहीत.

कायद्याने अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीतल्या औषधांसाठी तर दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. पाकिटावरची लाल रेघ हीच खूण आहे. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणणं हा नियम मोडणं तर आहेच, पण तेव्हा दिवस गेलेले नव्हते हेही विसरू नका.

कफ सिरप आणि 'काढाच तर आहे'

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात 'कोल्ड्रिफ' या सिरपमुळे लहान मुलांचे बळी गेले. त्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. अनेक मुलांवर नागपुरात उपचार झाले आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या सिरपबाबत इशारा जारी केला. ते प्रकरण मुलांचं आणि भेसळीचं होतं. तरी त्यातून मोठ्यांनीही घ्यावा असा धडा आहे: खोकल्याचं औषध निरुपद्रवीच असतं असं गृहीत धरू नका, बिल आणि बाटली जपून ठेवा. कोडीन किंवा अल्कोहोल असलेली सिरप गरोदरपणात नकोतच.

घरगुती उपायांत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या उत्तम. भरपूर पाणी, गरम सूप, चमचाभर मधही चालतं. आयोडीन असलेल्या गुळण्यांचं औषध मात्र रोज वापरू नका. आयोडीन शरीरात शोषलं जातं आणि बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करू शकतं.

ज्येष्ठमधाबद्दल मात्र थोडं सावध राहायला हवं. घसा धरला की ज्येष्ठमधाची काडी चघळणं नेहमीचंच. अनेक आयुर्वेदिक सिरप आणि चघळायच्या गोळ्यांमध्येही ते असतं. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो. फिनलंडमध्ये गरोदरपणात ते जास्त प्रमाणात खाणाऱ्या महिलांच्या मुलांमध्ये बुद्धीच्या चाचण्यांत फरक आढळला आणि तिथे गरोदर महिलांना ते टाळायला सांगितलं जातं. एखाद्या वेळी चघळलं म्हणून घाबरायला नको, पण रोजचा काढा नको.

'कॅटेगरी बी आहे, म्हणजे सेफ' हे खरं का?

इंटरनेटवर औषध शोधलं की 'प्रेग्नन्सी कॅटेगरी बी' किंवा 'सी' असं दिसतं. ही ए, बी, सी, डी, एक्स अशी वर्गवारी अमेरिकेची. ती दिशाभूल करते म्हणून अमेरिकेनेच २०१५ पासून नव्या माहितीपत्रकांत ती बंद करायला सुरुवात केली. एकच औषध दुसऱ्या महिन्यात वेगळं आणि आठव्या महिन्यात वेगळं वागू शकतं, हे एका अक्षरात मावत नाही. आयबुप्रोफेनचं उदाहरण वर आलंच आहे. त्यामुळे अशा अक्षरावर विसंबून निर्णय घेऊ नका.

औषध न घेण्याचाही धोका असतो

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर महिलांमध्ये आजार गंभीर होण्याचं प्रमाण जास्त होतं. तेव्हा त्यांना ओसेल्टामिविर लवकर सुरू करण्याची शिफारस होती. फुप्फुसांपर्यंत गेलेला संसर्ग, सतत जास्त ताप, पू झालेला कान या गोष्टी आई आणि बाळ दोघांनाही औषधापेक्षा जास्त त्रास देऊ शकतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची मुख्य औषधं गरोदरपणातही देता येतात आणि सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. 'बाळंतपण झाल्यावर बघू' म्हणून उपचार लांबवू नका.

सासर, माहेर आणि हरवलेली चिठ्ठी

पहिलं बाळंतपण माहेरी ही खानदेशातली रीत. सहा-सात महिने शिरपूरच्या डॉक्टरांकडे दाखवलेली मुलगी सातव्या महिन्यानंतर चोपड्याला किंवा पारोळ्याला जाते. डॉक्टर बदलतात, मेडिकल बदलतं. धुळे-जळगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर जिल्हाच बदलतो. आधी कोणतं औषध दिलं, कशाची ॲलर्जी आली, रक्तदाब किती होता, हे नव्या डॉक्टरांना कळण्याचा एकच मार्ग असतो: माता व बाल संरक्षण कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या.

त्यामुळे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीही त्याच पिशवीत ठेवा. स्त्रीरोगतज्ज्ञांना ती दाखवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा साक्री तालुक्यातल्या गावातून तज्ज्ञापर्यंत पोहोचायला अर्धा दिवस जाऊ शकतो. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई आहेतच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिथे कान-नाकाचा त्रासही सांगा. ई-संजीवनीवरून मोबाइलवरही डॉक्टरांशी बोलता येतं. गरज पडल्यास जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरकारी रुग्णालयात गरोदर महिलांना औषधं मोफत मिळतात.

काउंटरवर काय सांगायचं, काय विचारायचं?

• 'गरोदर बाईसाठी हवं आहे, अमुक महिना सुरू आहे.' हे पहिलं वाक्य.

• 'यात काय काय आहे?' एकाहून जास्त औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

• रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा असेल तर आणि सध्या सुरू असलेल्या गोळ्यांची नावं सांगा.

• 'किती दिवस?' आणि 'बरं नाही वाटलं तर कधी दाखवायचं?'

• औषधाने अंगावर पुरळ, सूज असं काही झालं तर डॉक्टरांना कळवा. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करता येते.

कधी अजिबात थांबायचं नाही?

• दम लागणं, किंवा गिळताच न येणं.

• औषधानंतरही न उतरणारा ताप.

• नाक दाबून १५-२० मिनिटांनीही न थांबणारा घोळणा, किंवा त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज. ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात.

• एका कानाने अचानक ऐकू न येणं. यात उपचाराचे पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात.

• चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी होणं. शेवटच्या तिमाहीत हा त्रास तुलनेने जास्त दिसतो.

• बाळाची हालचाल कमी जाणवणं.

यापैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा.

आणि दिवस गेल्याचं कळायच्या आधी एखादी गोळी घेतली गेली असेल तर? घाबरून स्वतःहून कोणताही निर्णय घेऊ नका. गोळीचं पाकीट आणि शेवटच्या पाळीची तारीख घेऊन डॉक्टरांना भेटा. सर्दी-तापाच्या नेहमीच्या बहुतेक औषधांच्या एखाद-दोन गोळ्यांनी बाळाला इजा होण्याची शक्यता फार कमी असते. पण कोणती गोळी, कधी आणि किती घेतली, हे कळल्याशिवाय कुणालाच नीट उत्तर देता येत नाही.